राहून गेलेलं नाव

सरोजिनी मानकर लोअर परळच्या एका कापड गिरणीच्या ऑफिसात टायपिस्ट होती. वय सत्तावीस. गिरगावात आई आणि धाकटी बहीण नलू यांच्याबरोबर दोन खोल्यांत राहायची आणि सकाळी आठच्या बसने परळला जायची. चार वर्षांच्या नोकरीत तिचा एकही कागद चुकीसाठी परत आला नव्हता. हेडक्लार्क कमलाकांत अजिंक्य नवीन मुलींना सांगायचे, "मिस मानकरांचा कागद बघा. तो तपासायला मला चष्मासुद्धा लागत नाही."

ही १९५५च्या डिसेंबरातली गोष्ट. एकवीस नोव्हेंबरला मुंबईतल्या गिरण्या बंद पडल्या होत्या. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे म्हणत कामगार फाउंटनकडे चालत गेले, तिथे गोळीबार झाला, माणसं मेली. दोन आठवड्यांनी गिरणी पुन्हा नीट चालू लागली तेव्हा कापड विणायच्या खात्याच्या मास्तरने ऑफिसात एक यादी पाठवली. त्या दिवशी साचे, म्हणजे माग, बंद करायला जे पुढे झाले होते, त्यांना कामावरून कमी करायचं होतं. पेन्सिलीने लिहिलेली एकोणीस नावं. सरोजिनीने यादी इंग्रजीत टाइप केली, अजिंक्यांनी मूळ कागदाशी ताडून सही केली, त्याखाली मॅनेजरसाहेबांनी केली, आणि त्या यादीवरून पत्रं निघाली. पत्रंही सरोजिनीनेच टाइप केली. त्या दिवशी तिचं डोकं दुखत होतं, एवढंच तिला पुढे आठवलं.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी सकाळी तिच्या दारात एक जोडपं उभं राहिलं. माणूस तिशीतला, धुतलेला लेंगा आणि वर काळा कोट. बायको नऊवारीतली, सातवा महिना लागलेली, हातात कापडी पिशवी.

"सरोजिनीबाय मानकर हयच ऱ्हवतात?" त्याने विचारलं.

"मीच. आपण?"

"मी रामदास तावडे. तुमच्याच गिरणीत साच्यावर. ही कमल, आमची मंडळी."

आईने त्यांना आत बसवलं. कमल खाली चटईवर बसली आणि पिशवीतून दोन नारळ, आमसुलं, कुळथाचं पीठ असं एकेक काढून समोर मांडू लागली. सरोजिनीला काही उलगडेना.

"हे कशाला?"

रामदासने दरवाजाकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बाय, मास्तरांनी तोंडावर सांगितलेलं, तावडे, तुझं नाव वर गेलं. अठरा जणांना पत्रं मिळाली. माझ्या शेजारच्या साच्यावरचा रघु तांबे, त्याला मिळालं. मी रोज वाट बघत होतो. आज येईल, उद्या येईल. हिला सांगितलं नव्हतं, पोटुशी बाई. तीन आठवडे झाले, पत्र नाय. मग आमच्या चाळीतला शिवा, तुमच्या ऑफिसात शिपाई, तो बोलला, याद्या टाइप करतात त्या मानकरबाई." त्याने हात जोडले. "तुमचे उपकार कसे फेडू?"

सरोजिनीचा चेहरा उतरला. तिला पहिली भीती वाटली ती आपल्या नोकरीची. ही गोष्ट तिने पुढे कुणापासून लपवली नाही.

"अहो, मी काही केलेलं नाही," ती म्हणाली. "नाव राहिलं असेल तर चुकून राहिलं. मला तुमचं नावही माहीत नव्हतं."

रामदास समजूतदारपणे हसला. "तसंच सांगायचं असतं बाय. आमी कुठे बोलणार नाय."

"तसं नाही हो, खरंच चूक आहे."

"व्हय व्हय," तो म्हणाला, आणि वाकून नमस्कार करायला लागला. तिने घाईघाईने पाय मागे घेतले. कमल मात्र सरोजिनीकडे टक लावून बघत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ऑफिस रिकामं झाल्यावर सरोजिनीने फाइल काढली. मास्तरच्या कागदावर दहावं नाव होतं आर. बी. तांबे. त्याच्याखाली आर. बी. तावडे. टाइप केलेल्या यादीत तांबेनंतर थेट तावडेच्या पुढचं नाव होतं, आणि अनुक्रम एक ते अठरा सलग, स्वच्छ. तिला हायसं वाटलं. दोन सारखी नावं खालीवर आली, नजर एक ओळ चुकली, झालं. असं कुणाचंही होतं.

मग तिने मूळ कागदावरच्या लाल खुणा बघितल्या. अजिंक्य ताडताना प्रत्येक नावापुढे लाल पेन्सिलीने खूण करत. खुणा एकोणीस होत्या. टाइप झालेल्या कागदावर जे नाव नव्हतंच, त्याच्यापुढेही खूण होती.

त्या आठवड्यात ती रोज संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर दहा मिनिटं मागे थांबायची आणि तीच यादी कोऱ्या कागदावर पुन्हा टाइप करायची. भरभर, दुसरीकडे लक्ष ठेवून, नलूशी झालेलं भांडण आठवत. नजर पुन्हा चुकते का ते तिला बघायचं होतं. सहा वेळा केली. सहाही वेळा एकोणीस नावं आली. सहाव्या वेळी तावडे गाळायचंच असं ठरवून बसली, तर बोटं त्या ओळीवर अडखळली आणि नाव टाइप करूनच पुढे गेली. सहाही कागद तिने फाडून टाकले.

घरी मात्र सगळ्यांना सगळं कळलं होतं. आई म्हणाली, "महालक्ष्मीने तुझा हात धरला. एवढं काय त्यात?" आणि देवापुढे साखर ठेवून मोकळी झाली. नलू चौपाटीसमोरच्या कॉलेजात मानसशास्त्र घेऊन बी.ए. करत होती. तिचे डोळे चमकले.

"ताई, आमच्या पुस्तकात याच्यावर अख्खं प्रकरण आहे. चूक ही नुसती चूक नसते. सुप्त मनात इच्छा असते, ती अशी बाहेर पडते. बाबांचं पत्र आठवतं तुला?"

सरोजिनीला आठवत होतं. ती दहा वर्षांची होती. वडील, शरच्चंद्र मानकर, एका जहाज कंपनीत कारकून होते. एका संध्याकाळी कंपनीचा शिपाई पत्र देऊन गेला. वडिलांनी ते वाचलं, घडी घालून पाकिटात परत ठेवलं आणि बुटांच्या नाड्या सोडता सोडता मध्येच थांबले. एक नाडी सुटलेली, एक बांधलेली, असे ते दिवेलागणीपर्यंत बसून होते. पुढे त्यांना कायमची नोकरी लागली नाही.

"तू बाबांचंच पत्र फाडलंस, ताई," नलू म्हणाली.

"मग एकच का फाडलं? अठरा मीच टाइप केली ना? स्वच्छ, एकही खाडाखोड नाही. त्या अठरा घरांत बाबा नव्हते का?"

नलूने पुस्तक उघडून ते प्रकरण चाळलं. त्यात याचं उत्तर नसावं.

सरोजिनीने स्वतःच कारणं शोधून पाहिली. तिला मोर्च्याबद्दल काय वाटत होतं? घरात तिने कधी मत दिलं नव्हतं. पण गोळीबाराच्या दुसऱ्या दिवशी बसमध्ये एक मनुष्य म्हणाला होता, या लोकांना असंच पाहिजे, आणि ती दोन स्टॉप आधीच उतरून चालत घरी आली होती. का उतरली, याचा विचार तिने तेव्हा केला नव्हता. शिवाय यादीच्या आदल्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी तिची रजा नाकारली होती. म्हणजे तो राग? रागाने माणूस अशी ओळ चुकवतो? की नुसती डोकेदुखी? प्रत्येक कारण थोडा वेळ खरं वाटायचं, आणि मग शेजारचं दुसरं तितकंच खरं वाटायला लागायचं. आपल्याच घरात आपण एक खोली कधी उघडलेली नाही, आणि तिची किल्ली कुणाकडे आहे तेही ठाऊक नाही, तसं तिला झालं.

शेवटी तिने अजिंक्यांना सांगितलं. ऑफिसात सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. गिरगावातलेच, तिच्याच ज्ञातीतले, भित्रे म्हणून प्रसिद्ध. मॅनेजरसाहेबांच्या दारावर टकटक करण्याआधी ते कोटाची बटणं दोनदा तपासत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, फाइल उघडली, तावडेच्या नावापुढची लाल खूण बोटाने एकदा चाचपली.

"फाइल जागेवर ठेवा, मिस मानकर," ते म्हणाले, आणि टोपी घालून घरी गेले.

पुढच्याच आठवड्यात मुंबई वेगळी ठेवायची घोषणा झाली आणि शहर पुन्हा पेटलं. गोळीबार, संचारबंदी. गिरगावात खिडक्या लावून बसायचं. गिरणी बंद, ऑफिस बंद. फेब्रुवारीत सगळं पुन्हा सुरू झालं. इतके दिवस रात्रपाळीला असलेला रामदास तेव्हा दिवसपाळीला आला, आणि मास्तरने त्याला साच्यावर उभा बघितला.

तासाभरात सरोजिनी आणि अजिंक्य मॅनेजरसाहेबांच्या टेबलासमोर उभे होते. टेबलावर दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवलेल्या.

"मिस मानकर," साहेब म्हणाले, "ही चूक आहे, की मुद्दाम केलंत?"

'चूक' म्हणायचं होतं. तोच शब्द ती महिनाभर सगळ्यांना सांगत आली होती. आणखी एकदा म्हटला असता तर प्रकरण तिथेच मिटलं असतं.

"मला माहीत नाही, सर," ती म्हणाली.

"माहीत नाही म्हणजे?"

"मी मुद्दाम केलं नाही. पण ती नुसती चूक होती का, तेही मला आता सांगता येत नाही. खोटं बोलायचं नाही, म्हणून सांगते."

साहेबांच्या कपाळावर आठी पडली. ते काही बोलणार, तेवढ्यात अजिंक्य एक पाऊल पुढे आले. कोटाचं एक बटण उघडंच होतं.

"सर, तपासल्याची सही माझी आहे. टायपिस्टकडून ओळ राहते. ती राहू नये म्हणूनच मी आहे. जबाबदारी माझी."

"अजिंक्य, तावडेच्या नावापुढे तुमची खूण आहे. टाइप केलेल्या कागदावर ते नाव नाही. मग तुम्ही खूण कशाला केलीत?"

अजिंक्यांनी कागद जवळ ओढून बघितला. "ते मला सांगता येणार नाही, सर. पण खूण माझीच आहे."

रामदासला काही झालं नाही. जानेवारीतला गोळीबार नुकताच होऊन गेला होता. आणखी एकाच्या हातात पत्र ठेवून साचे पुन्हा बंद पाडायची कुणाची तयारी नव्हती. सरोजिनीला लेखी ताकीद मिळाली. अजिंक्य जूनमध्ये निवृत्त होणार होते, पुढे दोन वर्षांची मुदतवाढ जवळजवळ ठरली होती. ती मिळणार नाही असं त्यांना त्याच दिवशी सांगण्यात आलं.

सरोजिनी त्यांच्या टेबलापाशी गेली तेव्हा तिला रडू आवरेना. "भाऊसाहेब, माझ्यासाठी तुम्ही..."

"बसा," ते म्हणाले. "पाणी घ्या. आणि माझे आभार मानू नका. मी तुमच्यासाठी पुढे झालो, की मलाच इथून सुटायचं होतं, ते अजून माझं मला ठरवता आलेलं नाही." मग हळूच म्हणाले, "पस्तीस वर्षं खुणा करतोय. नाव वाचायचं, खूण करायची. त्या दिवशी मी वाचत होतो असं मला वाटतं. नाव नाही हे मी पाहिलं होतं का? रोज स्वतःला विचारतो. कधी वाटतं पाहिलं होतं. कधी वाटतं, पाहिलं होतं असं आता वाटायला बरं वाटतं, म्हणून वाटतं."

ती रडता रडता हसली. तेही हसले. चार वर्षांत तिने त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं.

"तरी मी आभार मानणार," ती म्हणाली.

"माना मग. नाही तरी आपल्या दोघांत कुणालाच काही माहीत नाही."

मार्चमध्ये कमलला मुलगी झाली. एप्रिलच्या एका रविवारी रामदास स्वतः गिरगावात येऊन सरोजिनीला जेवायला घेऊन गेला. लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर त्यांची एक खोली. मूल पाळण्यात झोपलेलं, कमल चुलीपाशी, आणि भिंतीला टेकून एक उंच, हडकुळा माणूस बसलेला.

"हा रघु तांबे," रामदास म्हणाला.

सरोजिनी दारातच थबकली. तिला परत फिरावंसं वाटलं. रघुने उठून तिच्यासाठी पाट सरकवला.

रघुची बायकापोरं गावी गेली होती. तो गोदीत मिळेल ते काम करायचा आणि डिसेंबरपासून दोन्ही वेळ इथेच जेवायचा. रामदासने ते परस्पर ठरवून टाकलं होतं, रघुला विचारलंसुद्धा नव्हतं. कमलने बांगड्याचं तिखलं आणि भाकऱ्या वाढल्या. 

मग रघु म्हणाला, "बाय, एक विचारू? रागावू नका."

"विचारा."

"शिवा बोलला, माझं नाव वरच होतं. ह्याच्या डोक्यावर. ते राहिलं असतं तर?"

"रघ्या!" रामदास ओरडला.

"बोलू दे त्यांना," सरोजिनी म्हणाली. तिचा घास हातातच राहिला. तीन महिने ती याच प्रश्नाला घाबरत होती. "रघु, मला याचं उत्तर येत नाही. जाणूनबुजून केलं असतं तर मी काय केलं असतं, याचा खूप विचार केला. मला वाटतं, जाणूनबुजून मी काहीच केलं नसतं. मला नोकरीची भीती आहे. एकोणीसच्या एकोणीस नावं नीट टाइप केली असती मी."

हे शेवटचं ती कुणाजवळच बोलली नव्हती. बोलून झाल्यावर ती मान खाली घालून बसली.

रघुने भाकरीचा तुकडा मोडला. "मग बरा झाला," तो म्हणाला. "तुमच्या जाणिवेवर ठेवला असता तर हा पण गेला असता. मग मी जेवलो असतो कुठे?"

तो विनोद नव्हता. त्याने तसंच सरळ सांगितलं आणि कमलपुढे ताट केलं. सरोजिनीच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने ते पुसलंही नाही. या माणसाला तिच्यावर रागवायचा पूर्ण हक्क होता, आणि तो तिला हक्काने आणखी एक भाकरी घ्यायला सांगत होता.

जेवण झाल्यावर पुरुष बाहेर गॅलरीत गेले. कमल भांडी आवरत होती.

"मला पहिल्याच दिवशी कळलेला, बाय," ती म्हणाली. "तुमी खोटा बोलत नव्हतात. ह्यांना कळला नाय. मला कळला."

"काय कळलं?"

"की तुमका तुमचाच म्हाईत नाय." कमलने तवा उपडा ठेवला. "मी ह्यांच्यावर रागावलेली असते ना, माझा मला समजत नाय. भाकरी जाड झाली की समजता. मग मी बघते, अगो बाई, आज काय झाला? कधी सापडता, कधी नाय सापडत. पण भाकरी जाड झालेली असता ती खरी." ती हसली. "तुमच्या हातून झाला ता चांगला झाला. कशाक खोदत बसता?"

पाळण्यात मूल जागं झालं आणि कुरकुरायला लागलं. कमलचे हात खरकटे होते, म्हणून सरोजिनीने मुलीला उचललं. तिला लहान मुलं घ्यायची सवय नव्हती. मुलीने तिचं बोट घट्ट धरलं. डिसेंबरात ते पत्र रामदासच्या हातात पडलं असतं तर ही पोर आज कुठे असती, कोणत्या गावात, कोणाच्या घरात, हे सरोजिनीला कल्पनेत आणता येईना. पोर इथे होती. गरम, जड, तोंडाला दुधाचा वास.

"कमल," ती म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी नारळ घेऊन आलात, आणि मी नाही नाही करत बसले. ते मला बरोबर वाटत नाही. तुम्ही आभार मानलेत, ते मी घेते."

"घेवाच," कमल म्हणाली.

"आणि तुमचेही मानते."

"माझे कशाक?"

सरोजिनीला नीट सांगता येईना. आपण भित्री, नेमस्त, चुका न करणारी बाई आहोत, एवढंच ती स्वतःबद्दल जाणून होती. त्यापलीकडेही आपल्यात काही असेल, ते चांगलं असेल, निदान एकदा तरी त्याने चांगलं केलं, हे या लोकांनी तिच्या दारात येऊन सांगितलं नसतं तर तिला जन्मात कळलं नसतं. आणि कदाचित तसं काही नसेलही, फक्त डोकं दुखत असेल. तरीही पोर तिच्या मांडीवर होती.

"असेच," ती म्हणाली.

पावसाळ्यात युनियनच्या वाटाघाटींनंतर अठरांपैकी अकरा जणांना परत घेतलं. त्यांत रघु होता. बाकीचे सात कुठे कुठे गेले ते तिला कळलं नाही. त्यांची नावं तिला शेवटपर्यंत पाठ होती. अजिंक्य निवृत्त झाल्यावर नातवाला घेऊन रोज चौपाटीवर जायला लागले, तिथे ती त्यांना कधी कधी भेटायची. यादीचा विषय दोघंही काढत नसत, पण भेट झाली की दोघांनाही बरं वाटायचं. नलूने एकदा परीक्षेच्या तयारीत तेच प्रकरण पुन्हा उघडलं आणि विचारलं, "ताई, मग शेवटी ठरलं का, तू ते का केलंस?"

"नाही," सरोजिनी म्हणाली. "पण केलं, ते बरं झालं. तू वाच तुझं."